खांद्यावरची चार बोटं

१२ जानेवारी

दादा,

'सप्रेम नमस्कार' असं लिहिलं होतं. मग 'सप्रेम' खोडलं. नमस्कार राहू दिलाय, कारण तू मोठा आहेस आणि तेवढी रीत माझ्यात अजून शिल्लक आहे. फोन तू उचलत नाहीस. दुकानात पाऊल टाकायचं नाही असं वहिनीकडून कळवलंस. म्हणून हा कागद. वहिनी तो तुझ्या टेबलावर ठेवेल. फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

काल दुपारी स्टुडिओसमोरून गेले. मुद्दाम नाही. बेकरीवाल्याला खोक्यावरचं चित्र दाखवायला निघाले होते आणि रस्ता तोच आहे, त्याला मी काय करणार. काचेत आपला फोटो दिसला. स्टुडिओला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेला, चांगला दारापेक्षा रुंद करून लावलेला. बाबांच्या खुर्चीत तू. एका बाजूला वहिनी. दुसऱ्या बाजूला स्टुलावर आई, अंगावर करडी शाल. आणि आईच्या मागे, जिथे मी उभी होते, तिथे पडदा. बाबांनी रंगवलेला तळ्याचा पडदा, त्यावरची बदकं सुद्धा जागच्या जागी.

मानलं तुला. 'कॉम्प्युटरचं तू बघ गं, माझ्या डोक्यात नाही शिरत ते' असं वर्षानुवर्षं म्हणणारा माणूस, एक बहीण पुसण्यापुरतं मात्र बरोब्बर शिकला! ते नवं अॅप घेतलंस ना? बोटाने गोल काढला की आतलं माणूस गायब?

फक्त एक राहिलं बघ. आईच्या खांद्यावर माझी चार बोटं आहेत.

जा, काचेशी जाऊन नीट बघ. शालीच्या घडीवर, डाव्या खांद्यावर. मनगट नाही, हात नाही, पुढे माणूस नाही, नुसती बोटं. तुझ्या गोलाच्या बाहेर राहिली. तुला ती दिसली नाहीत याचं मला जराही नवल नाही. फोटोत तू चेहरे बघतोस. हातपाय बघायचं काम माझं होतं.

आणि तो हात मी ऐटीत ठेवला नव्हता, हेही सांगते. स्टुलाला पाठ नाही. पाठ नसली की आई डावीकडे कलते. तू 'हसा, हसा' करत टायमर लावत होतास तेव्हा मी तिला सरळ धरून ठेवलं होतं. मला काढलंस ते काढलंस, पण आईला धरलेलं सुटलं नाही.

एवढं सगळं एका शब्दावरून. पाटी नवी करायची होती. मी एवढंच म्हटलं, बाबांच्या नावापुढे 'आणि पुत्र' आहे, त्या जागी 'आणि मुलं' लिहू. पाटीवाला शिडीवर ब्रश धरून उभा. तू म्हणालास, "उद्या गिऱ्हाईक विचारेल, मुलं कुठली?" मी म्हटलं, "बोट दाखव की, ही एक." तू म्हणालास, "तू कामाला आहेस." कामाला! त्या दुकानात निम्म्या गावाच्या चेहऱ्यावरचे डाग मी काढलेत. लग्नाला न आलेले काका मी लग्नात उभे केलेत. साठीला टेकलेला माणूस अजून पाटीवर 'पुत्र' म्हणून मिरवतो आणि मी कामाला.

बोटं काढू नकोस. मला हवी आहेत.

तुझी बहीण


२८ जानेवारी

दादा,

वहिनीकडून निरोप मिळाला. 'कुणाला दिसतायत ती बोटं! उगाच राईचा पर्वत करते.' बरं. पर्वतच करतेय, कसा ते ऐक.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी गावातल्या चित्र काढणाऱ्यांकडून पोस्टरं मागवली आहेत. विषय 'माझं कुटुंब'. निवडलेली पोस्टरं मोठी छापून वाचनालयाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावणार. ती भिंत कुणाच्या दुकानासमोर आहे, हे तुला सांगायला नकोच.

मी सध्या शिंपीणबाईंच्या वरच्या खोलीत राहते. खाली दिवसभर शिलाई मशीन, वर मी. टेबल खिडकीला लावलंय आणि त्यावर माझा टॅबलेट, ज्याला तू 'पाटी-पेन्सिल' म्हणायचास. त्याच पाटीवर पोस्टर करतेय. तुमच्या काचेचा फोटो रस्त्यावरून काढला. काचेत समोरचा रस्ताही उमटला होता, त्यामुळे आईच्या शालीवरून एक सायकलवाला चाललाय आणि तुझ्या छातीत बसथांबा उभा आहे. आधी ते पुसणार होते, सवयीने. मग म्हटलं, का पुसू? आजवर दुसऱ्यांसाठी पुसतच आले.

तर आता असं आहे. एक खोली, पण जमिनीच्या जागी बाबांचं तळं. खुर्च्या पाण्यावर. सायकलवाला शालीवरून निघून छतापर्यंत जातो. तुझ्या मानेवर डोकं नाही, बाबांचा जुना पेटीकॅमेरा आहे, काळ्या फडक्यासकट. वहिनीच्या मांडीवर फोटोतल्या पुस्तकाऐवजी झोपलेलं बदक. आणि वरून, ढगातून यावा तसा, एक हात. माझा. झाडाएवढा. चार बोटं आईच्या खांद्यावर टेकलेली.

दुकानात मी एवढं कधी हसले नाही जेवढं या आठवड्यात एकटीने हसले. एकेक लेयर चढवायचा, नको तो लपवायचा, पुन्हा दाखवायचा. दुकानात मी जे करायचे तेच, फक्त उलटं. तिथे सावली चुकली तर तू डोक्यावर बसायचास: "उजेड डावीकडून, आणि काकांची सावली पण डावीकडे? लोक हसतील." इथे प्रत्येकाची सावली मी हव्या त्या दिशेला पाडलीय आणि लोकांनी हसावं अशी माझी इच्छा आहे.

तू म्हणशील, हात दाखवून अवलक्षण. असू दे. दाखवतेय.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

ग्रंथपालबाईंकडे जाऊन आलास म्हणे. इस्त्रीचा शर्ट घालून, आवाज खाली ठेवून. तुला असा गोड बोलताना मी गिऱ्हाइकांपुढे खूप वेळा बघितलंय, त्यामुळे डोळ्यांसमोर आलंच. बाई भल्या आहेत. मला बोलावून म्हणाल्या, "पोस्टर आम्हाला आवडलंय, पहिल्या निवडीत आहे. पण तुमचे बंधू म्हणतात फोटो त्यांचा. आणि ज्यांचे चेहरे आहेत त्यांची परवानगी पाहिजे, हा आमचा नियमच आहे. नाहीतर उद्या गावभर भांडणं." मी त्यांच्यावर चिडले नाही. नियम बरोबर आहे.

पण तू वहिनीबरोबर जो दुसरा निरोप पाठवलास, त्याने मात्र माझं डोकं फिरलं. 'पोस्टर मागे घे, मग आईला भेटायला ये.'

दादा, आई म्हणजे काय दुकानातली वस्तू आहे? दाखवली, काढून घेतली? मी घर सोडलं ते तुझं. आईला सोडलेलं नाही. वहिनी म्हणते, संध्याकाळी आई खुर्चीत बसली की डाव्या बाजूला उशी खोचावी लागते, आणि ती सारखी म्हणते, 'उशी टोचते.' हे ऐकून मी त्या दिवशी तुमच्या घराखाली येऊन उभी राहिले. खिडकीकडे बघत. आत दिवा होता. वर यायला पाय उचलला होता, खोटं कशाला सांगू. पण एकदा नाक मुठीत धरून वर आले असते, तर पुढे जन्मभर तशीच आले असते. म्हणून परतले. वाटेत रडले. हे तुला कळावं म्हणून लिहितेय, तुला वाईट वाटावं म्हणून नाही. तेही वाटलं तर माझी हरकत नाही.

पोस्टर मागे घेणार नाही.

परवानगीचं म्हणशील तर तुझी मला नकोच होती, तुझ्या मानेवर कॅमेरा आहे. वहिनी म्हणाली, "मला पाठमोरी कर आणि ते बदक राहू दे, छान आहे." तिच्यावर चिडू नकोस. राहिली आई. वहिनीच्या फोनवरून दुपारी, तू घोरत असताना, तिच्याशी बोलले. सगळं समजावून सांगितलं, तळं, सायकल, हात. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "नको गं. मला भिंतीवर लावू नकोस. भिंतीवर माणसं मेल्यावर जातात. मी अजून आहे."

मी म्हटलं, "आई, काचेत लावलंय त्याने तुला."

"त्याने विचारलं नव्हतं. तू विचारलंस, म्हणून सांगते. नको."

घे. तुला हवं ते झालं. आता हसत असशील.

तुझी बहीण


६ मार्च

दादा,

इतक्यात हसू नकोस.

चार दिवस टॅबलेटला हात लावला नाही. वाटलं, आई नाही म्हणाली, संपलं. बेकरीच्या खोक्यावर केक काढत बसले. मग एका सकाळी चहा पिताना सरळ सगळं उघडलं आणि आईचा लेयर बंद केला. आई गेली. पाठोपाठ वहिनी. मग तू, कॅमेऱ्यासकट. पाण्यावर खुर्च्या उरल्या आणि हवेत हात, कुणाच्याही खांद्यावर नसलेला.

दादा, मी बघतच बसले. इतकं बरोबर चित्र मी आयुष्यात केलं नव्हतं.

फोटो तुझा, तर त्या हाताची चार बोटंही तुझ्या फोटोतलीच. म्हणून तो हात पण काढला आणि माझा हात नव्याने टिपायचा ठरवला. टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवला, खुर्चीच्या पाठीवर कोट टाकला, त्यावर हात ठेवला. छे! रिकाम्या खुर्चीवर हात बसेना. बोटं मेल्यासारखी पडत. खांदा लागतोच. शेवटी खालून शिंपीणबाईंना आणलं. त्या गळ्यात टेप घेऊन बसल्या, ताठ, फोटोला बसतात तशा. "हसू का?" म्हटलं, "नको, तुम्ही येणारच नाही आहात फोटोत." तरी हसल्याच.

हात छान आला. मग खोडरबर घेऊन शिंपीणबाईंना काढायला लागले. केस, कान, टेप. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगंबाई, मला काढतेस?"

"तसं ठरलंच होतं ना."

"ठरलं होतं गं. पण बघताना कसंतरीच वाटतं." मग म्हणाल्या, "निदान माझ्यासमोर काढतेयस. ते एक बरं."

हे वाक्य तुझ्यासाठी इथे उतरवून ठेवतेय.

आता माणसं नाहीत, चेहरे नाहीत, तुझ्या फोटोतला एक ठिपका नाही. तळं मी नव्याने रंगवलंय, बाबांचं नाही. खुर्च्या वाचनालयातल्या, बाईंना विचारून टिपलेल्या. सायकलवाला कुठला कोण, पाठमोरा आहे, त्याला राहू दिला. पण सावल्या ठेवल्यात. रिकाम्या खुर्च्यांखाली पाण्यावर तीन सावल्या, माझ्या हाताने काढलेल्या. एक पोट पुढे काढून, कमरेवर हात ठेवून उभी आहे. गावात असं कोण उभं राहतं, ते लोक ठरवतील. सावलीची परवानगी लागते असं नियमात कुठे नाही. मी बाईंना विचारून घेतलं. त्या बराच वेळ सावलीकडे बघत होत्या, मग ओठ दाबून म्हणाल्या, "नाही, सावलीचं काही नाही."

खाली एकच ओळ घातलीय: 'माझं कुटुंब. हात माझा आहे.'

सोमवारी भिंतीवर चढेल. त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं असेल तर ठेव.

तुझी बहीण


३० मार्च

दादा,

तू दुकान बंद ठेवलं नाहीस, याबद्दल तुला मानते. दारात उभा होतास, कमरेवर हात ठेवून. बसथांब्यावरची दोन माणसं तुझ्याकडे बघत होती, मग भिंतीकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. तू हात पटकन खाली घेतलास. मी पलीकडे होते, सगळं बघितलं.

पुढे जे झालं ते मी ठरवलं नव्हतं. पोस्टरच्या खाली बाक आहे, बसची वाट बघणाऱ्यांसाठी. हात बरोबर त्या बाकावर उतरतो. पहिल्याच दिवशी एक बाई बसली आणि तिच्या मैत्रिणीने फोटो काढला, खांद्यावर एवढा मोठा हात. मग कॉलेजातली मुलं. मग एक आजोबा, अगदी एकटे, त्यांनी बसथांब्यावरच्या माणसाला फोन दिला आणि म्हणाले, "काढा जरा." बस आली तरी उठले नाहीत. तुझं गिऱ्हाईक फुकटात पळवायचा माझा बेत नव्हता. आता पळतंय त्याला इलाज नाही.

आणि काल आई आली.

तुला माहीतच आहे, तू दारातच होतास. पण तुझ्या बाजूने तिची फक्त पाठ दिसली असेल. माझ्या बाजूचं मी सांगते. वहिनीच्या दंडाला धरून ती रस्ता ओलांडत होती. जिन्याच्या दोन पायऱ्यांनी धाप लागते तिला, आणि ती गाड्यांना हात करून थांबवत होती. एक रिक्षावाला ओरडला, तर तिने उलटून त्यालाच झापलं. मी धावले. म्हटलं, "आई, तू तर नको म्हणाली होतीस."

"भिंतीवर नको म्हटलं होतं. भिंतीखाली बसायला कुणाची ना आहे?"

बसली. मान मागे टाकून वर बघितलं. कितीतरी वेळ. मग म्हणाली, "एवढा मोठा हात लावलास गावासमोर, नखं तरी कापायची होतीस!"

वहिनी हसून हसून बाकावरच बसली. आई डावीकडे कलायला लागली, सवयीने माझा हात गेला, आणि मी तिला धरलं. मला रडू फुटलं, भर रस्त्यात, बसथांब्यावरच्या लोकांसमोर. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती तुझ्याकडे बघत होती, समोर. आणि तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या खांद्यावरून तुला काढता आला नाही तो. आता भिंतीवरून काढायला निघाला होतास?"

तू आत गेलास. आई म्हणाली, "जाऊ दे. तो लहानपणीही हरला की न्हाणीघरात जाऊन बसायचा." मग म्हणाली, "उद्यापासून दुपारी मी इथे येणार. उशी टोचते मला."

आज वहिनी येऊन सांगून गेली. काचेतला फोटो उतरवलास. 'तिला म्हणावं ये, झालं गेलं विसरू, नवा फोटो काढू' असं म्हणालास. निरोप ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, ते लपवत नाही. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस आणि तुझ्याशी न बोलता मला काही गोड लागत नव्हतं.

पण विसरणार काही नाही. आणि दुकानातही येणार नाही. पाटीवाल्याला आधी बोलाव, शिडी लावू दे, ते 'पुत्र' खाली उतरव, 'मुलं' वर चढव. मग कॅमेरा घे आणि रस्ता ओलांडून ये. आईने ओलांडला, तुझे गुडघे चांगले ठणठणीत आहेत. फोटो इथे काढायचा, बाकावर, उजेड दुपारचा, जो जसा पडेल तसा.

कुणी कुठे उभं राहायचं ते या वेळी मी सांगणार. आई बाकाच्या एका टोकाला, तिला भिंतीचा आधार राहील. वहिनी तिच्याजवळ. तू दुसऱ्या टोकाला. मधे मी. कडेचं माणूस काढणं किती सोपं असतं, ते आपल्या दोघांनाही चांगलं माहीत आहे. मधलं काढून बघ.

तुझी बहीण